पोटातले दगड

तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा
परीक्षकाने माझ्या गडग्यात दोन बोटं घातली
आणि जराशी हलवली,
बाळाच्या हिरड्या चाचपाव्यात तशी.
एक दगड डुगडुगला. एकच.
त्याने पेन खिशाला लावलं, म्हणाला,
‘चेहरा सुरेख आहे, मेरेरिद.
पोट पोकळ.’

सात तासांचं काम. माती नाही, चुना नाही,
नुसता दगडावर दगड.
दोरी ताणलेली, माथा एका रेषेत,
फोटोत यावं असं सगळं.
परतताना वेल्सचे ते जुने गडगे
डोंगरभर माझ्याकडे पाठ करून बसले होते.

घरी पत्र: तलावाकाठचं मोठं काम
प्रमाणपत्रवाल्यांना गेलं.
हातोडा जिन्याखाली टाकला
आणि नाताळभर सुपरमार्केटात फळ्या लावल्या.
तिथे शिकवतात, सॉसच्या बाटल्या पुढे ओढायच्या,
कडेला, लेबल समोर,
म्हणजे फळी भरलेली दिसते.
मागे हात घातला तर कोपरापर्यंत काही नाही.

मी तिथेच उभी राहिले, हात आत.
‘काही हवंय का?’ एका बाईने विचारलं.

फेब्रुवारीत इदवालचा गडगा बसला.
मेंढ्या रस्त्यावर, इदवाल ऐंशीचा,
फोनवर नुसत्या शिव्या.
नाहीच म्हणणार होते. गेले.
तो पालथ्या बादलीवर बसून होता.
‘पोटाकडून गेला की पायाकडून?’
मी वाकले. गवत बाजूला केलं.
खालचे दोन थर हललेसुद्धा नव्हते,
शेवाळलेले, कुणाकुणाच्या खापरपणज्याने मांडलेले.
‘पोटाकडून.’
‘मग पाया शाबूत आहे. सुतकी तोंड पुरे. चहा ओत.’

पडलेल्या गडग्याला नवा दगड लागत नाही.
सगळा माल तिथेच असतो, पायाशी, चिखलात.
मोठे मी आधी वेचले नाहीत या वेळी.
मुठीएवढे वेचले, अक्रोडाएवढे,
पूर्वी फावड्याने आत लोटायचे ते.
एकेक घेतला, फिरवला,
जागा मिळेपर्यंत दुसरा उचलला नाही.
बोटं बधिर. दिवसभरात जेमतेम दीड हात काम.
दोन महिने ज्या दोन बोटांचा राग राग केला
तीच, म्हणजे माझी, संध्याकाळी आत घातली.
हलला.
काढला. पुन्हा बसवला.
पुन्हा हलला. इदवाल घोरत होता.

एप्रिलचा फॉर्म भरलाय,
पैसे अजून नाहीत भरले.
पास होईन का, ठाऊक नाही,
हे वाक्य आता घशात अडकत नाही इतकंच.

तिसऱ्या दिवशी मेंढ्या आत घेतल्या.
एक म्हातारी मेंढी थेट नव्या भागाशी गेली
आणि अंग घासू लागली, सगळा भार टाकून,
मी श्वास धरून ऐकत राहिले.
आतून एकही दगड बोलला नाही.