मागच्या बूटची नोंद

मंगळवारी अपडेट टाकलं.
बुधवारी तो उठला, गुरुवारी उठला,
शुक्रवारी कंपनीचा शिक्का दाखवून तिथंच थिजला.
पंखा फिरतोय, पडदा काळा,
कोपऱ्यात एक पांढरी आडवी रेघ
लुकलुकायचंही विसरलेली.

बटण दाबून धरलं, दहापर्यंत मोजलं, सोडलं.
पुन्हा लावला तर शहाण्यासारखा सुरू,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
याच कॉम्प्युटरवर मी मोराचं पीस चौकटींत बसवते.
एक चौकट म्हणजे एक धागा, वर की खाली.
तो उठला नाही की सोळा माग
मागच्या दिवाळीचीच कमळं विणत बसतात.
इराबत्ती मालक म्हणाले, फुकटचं लिनक्स ते, असंच असायचं.
वीज तर विकतची आहे, तीही जाते की,
हे मी मनात म्हटलं. पगार सात तारखेला होता.

रोज बिघडणाऱ्याचं बरं असतं.
हा मला बघून बिघडायचा नाही.
मालकांना बोलावलं की उठायचा,
ते शेडच्या दारातून वळले की गप्प.

सुरू होतानाच्या ओळीत
गप्प राहा असं सांगणारा एक शब्द असतो. तो आधी खोडला.
मग बोलायला लागला: ओळीवर ओळ, ओके, ओके,
डिस्क सापडली, घड्याळ जुळलं, ओके,
आणि मधेच
काही नाही.

मागच्या बूटची नोंद उघडून वाचली.
मेलेल्यानं शेवटचं वाक्य पुरं केलेलं नसतं.
शेवटची ओळ ब्लूटूथची होती.
त्यानं काही केलं नव्हतं बिचाऱ्यानं,
त्या रस्त्यावर शेवटी दिसला, एवढंच.
तरी एक अख्खा दिवस मी त्यालाच धरून बसले.

मग जुना कर्नल निवडून वीस वेळा उठवला.
वीसही वेळा उठला.
नव्यावर वीस वेळा. तीनदा थिजला:
चौथ्यांदा, पाचव्यांदा, आणि मग थेट एकोणिसाव्यांदा.
सुताच्या खोक्यावर खडूच्या रेघा.

नरसय्या कुरापाटी आला, जॉबर,
चव्वेचाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात, डावा कान गेलेला.
"काय मोजलालीस पोरी?"
सांगितलं. ओरडून सांगितलं.
"रोज तुटतोय त्याला एक कारण.
कधीमधी तुटतोय ना, तिथं दोघं असतात.
ताणा उघडायच्या आत धोटा निघाला की फट्.
ताणा पण चांगला, धोटा पण चांगला.
कोण आधी निघाला ते बघ की."

मी पुन्हा नोंद उघडली, पण या वेळी
ओळी नाही, ओळींपुढचे सेकंद वाचले.
नवा कर्नल चपळ निघाला होता.
लॉगिनचा पडदा मांडणारा धावत पुढं आलेला,
ग्राफिक्सचा ड्रायव्हर अजून चपला शोधतोय.
बहुतेकदा तो पोचायचा.
एखाद्या सकाळी नाही.

ड्रायव्हरला उचलून अगदी पहिल्या गाठोड्यात घातलं,
जे डिस्कच्याही आधी सुटतं.
गाठोडं नव्यानं बांधायला एक मिनिट लागलं,
शोधायला अकरा दिवस.

त्यानंतर साठ वेळा उठवला. साठही वेळा उठला.
घरी आईला सांगितलं. ती विड्या वळत होती,
पंचवीसचा कट्टा तिची बोटंच मोजतात.
म्हणाली, साठ म्हणजे किती गं?
हजारात वीस तर माझ्याही जातात
कारखान्यात, चेकरच्या हाताखाली.

म्हणून जुना कर्नल मी पुसलेला नाही.
मेनूत असू दे, खालच्या ओळीत.
सकाळी शेडमध्ये आले की चहाच्या आधी बटण,
काळा पडदा, दीड सेकंद,
तेवढा वेळ मी कुणाशी बोलत नाही.

रेघ आता नरसय्या ओढतो.
परवा विचारलं, कधीपर्यंत ओढायच्या?
त्यानं उजवा कान पुढं केला, मी पुन्हा विचारलं.
नऊ नंबरच्या मागाकडं बोट करून म्हणाला,
"त्याचं एकोणनव्वदपासून मोजलालाव."