हशा

हाइलविग टामेन पहिल्यांदा बोलायला उठल्या
तेव्हा बॉनमध्ये लघुलेखकाच्या टेबलाशी मीच होतो.
एम्डेनच्या गोदीत हेरिंग साफ करणाऱ्या बायकांचं पेन्शन,
एवढाच विषय.
बोलण्याला समुद्राकडचा हेल.
उजवीकडून कुणी ओरडलं, "बाई, मासळीचा वास येतोय!"
नियमाप्रमाणे मी कंसात लिहिलं: हशा.

त्या थांबल्या. "येणारच," म्हणाल्या,
"आईच्या हातांचा आहे."
तेही लिहिलं.

मग समित्या. उपसमित्या.
सोमवारची गाडी, शुक्रवारची गाडी,
तीच तपकिरी सुटकेस, एका बिजागरीला दोरा.
मंत्र्यांच्या यादीत दोनदा नाव आलं म्हणे,
दोनदा कुणाच्या तरी पेनाखाली गेलं.
राजधानी बर्लिनला हलली. आम्हीही हललो,
त्या तिसऱ्या रांगेत, मी पुन्हा टेबलाशी.

कायदा झाला एका गुरुवारी, रात्री पावणेबाराला.
सभागृहात एकोणीस माणसं, त्यातलं एक पेंगत.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
याला आमच्या लिपीत खूण नाही.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं त्यांना
यादीत एकतिसावं ठेवलं. एकतिसावं म्हणजे घरी.

किल्ल्या परत करून त्या आमच्या खोलीत आल्या,
हातमोजे घालता घालता विचारलं,
"त्या पहिल्या दिवशी किती जण हसले होते हो?"
"आकडा नोंदवत नाहीत, बाई."
"सात," त्या म्हणाल्या. "मी मोजले होते.
सातवे तुम्ही."

हे आज लिहितोय. साध्या अक्षरात,
कुणालाही वाचता येईल असं.