हक्कु, हक्कि

भाऊबीजेला भरमाणी आला.
पिशवीत इरकली साडी, तिच्या घडीत एक कागद.
ताटात दोन्ही ठेवून म्हणाला,
"सही तेवढी कर गे अक्का,
वकिलानं फुली मारलीय तिथंच."

कागद कन्नड.
मी शिकलो मराठी शाळेत, सातवीपर्यंत.
(आमच्याकडं बाईसुद्धा 'शिकलो' म्हणते,
'जातो' म्हणते, 'येतो' म्हणते.
बोलण्यात बाई-गडी एकच.
वेगळे होतात ते उताऱ्यावर.)

रान कुठलं, तर गर्लगुंजीच्या वाटेवरचं,
तांबडं, रताळ्याचं.
अप्पा गेले त्या साली वेल ओढायला
मीच होतो, ताप अंगात घेऊन.

वैजू चौथीत. कन्नड तिचं कच्चं.
शेंगा खात, कागदावर बोट ठेवून
लागली वाचायला:
ह... क्कि... हक्कि.
"आई, हक्कि म्हणजे पाखरू.
हक्कि बिडुगडे.
पाखरू सोडून दे, असं लिहिलंय मामानं!"

भरमाणी हसला. मीही हसलो.
मग तिचं बोट मागं गेलं.
"नाही गे, वर गाठ नाही, बाजूला शेपूट आहे.
हक्कु. हक्कु म्हणजे..."

"कळलं," म्हटलं मी.

हा शब्द दोन्हीकडं एकच.
एवढी वर्षं सीमेवरून भांडणं झाली,
पाट्यांना काळं फासलं, बस अडवल्या,
ह्याला कुणी अलीकडं-पलीकडं केलं नाही.

अंगणवाडीची पार्वतव्वा कधीची सांगायची,
घटनेत सगळी सारखीच लिहिलीत,
शेतातसुद्धा, दोन हजार पाचपासून.
मी ऐकायचो आणि भात निवडायचो.

साडी मी घेतली. भाऊबीजेची साडी का सोडू?
कागद परत दिला.
"कायदा मोठा का माहेर?" विचारलं त्यानं,
निरांजन विझायच्या आत उठला.
आई म्हणाली, तुटेल.
तुटलं थोडं. खोटं कशाला बोलू.
वहिनी यात्रेत समोरून गेली,
नारळाच्या दुकानाकडं बघत.

खानापूरच्या कचेरीत कारकुनानं नाव विचारलं.
मलप्रभा.
कसं लिहायचं ते विचारलं नाही त्यानं,
नदी त्याच्याही गावावरून जाते.
"बिन का कोम?"
म्हणजे कुणाचा मुलगा, का कुणाची बायको.
लुमाण्णाची मुलगी, म्हटलं.
फॉर्मवर त्याचं पेन फिरत राहिलं
जागा शोधत.
मग समासात लिहिलं त्यानं, बारीक.

उतारा आलाय आता. मला अजून वाचता येत नाही.
वैजूनं पेन्सिलीनं रेघ मारून दिलीय:
हा मामा, ही तू.
मध्ये बोटभर जागा.

रताळी काढायला झालीत.
उद्या कुदळ घेऊन मी जातो.
बघू, तो येतो का.