खंड सहावा

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या गल्लीत
फ्रेनीबाईंच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा
कपाटाच्या मोडक्या पायाखाली तो होता.
खंड सहावा.

बाकीचे सहा बावीस वर्षांत जमले.
दोन भद्रकालीतल्या रद्दीवाल्याकडून, किलोच्या भावानं.
एक त्र्यंबकच्या वकिलांच्या मागे त्यांच्या सुनेनं दिला.
तीन कुठून आले
ते घरात अजून सांगितलेलं नाही.

सात खंडांत साहेबाचं अख्खं राज्य.
बकऱ्याचं लालसर चामडं, पाठीवर पाच उंचवटे,
आणि सोनं असं पक्कं बसवलेलं की
लाइट गेली तरी फळीवर ओळ चमकते.

मी नोट प्रेसला एकतीस वर्षं काढली.
दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे,
संध्याकाळी गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे.
इंग्रजी बेताचंच.
अनसूया विचारते, वाचता तरी का हो?
वाचतो. बंडल मोजतात तसं, अंगठा ओला करून,
एकेक.

जावई म्हणाला,
ज्यांनी लुटलं त्यांच्याच बखरींना तुम्ही तेल चोळता?
मी एरंडेलाचं बोट चामड्यावर फिरवत होतो.
म्हटलं, चोरीला काय गेलं त्याची यादी
चोराच्याच घरी सापडते.
तो हसला. पटलं नाही त्याला.
मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

कुठलाही खंड मी मागून सुरू करतो. सूचीपासून.
नाशिक: तीन पानं.
द्राक्षं, हवा, रामकुंडावरची गर्दी.
थळ घाटात एका इंजिनियरला आलेला ताप, अर्धं पान,
त्याला कोणता काढा दिला त्यासकट.
आणि खाली, बारीक टायपात,
घाट फोडताना मेलेले मजूर:
पाहा, खर्च.

त्या रात्री जेवलो नाही.
अनसूयेला वाटलं, पित्त झालं.

आमचे आजोबा भागाजी सिन्नरला कातडी कमवायचे.
चुन्याचा हौद, तरवडाची साल, हिरडा,
नखं कायमची तपकिरी.
कमावलेला माल व्यापारी घेऊन जायचा, पुढे बोटीनं जातो म्हणायचा.
कुठे, हे त्यांनी विचारलं नाही,
आणि ज्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं
त्या गावाला ते सांगायचीही सोय नव्हती.

खंड सहावा नाकाशी धरला.
दीडशे वर्षांनी वास कुठला राहायला.
तरी धरला.

पानांच्या सोनेरी कडा एकमेकींना चिकटलेल्या.
म्हणजे हा कुणी उघडलाच नव्हता,
ना साहेबानं, ना फ्रेनीबाईंच्या सासऱ्यांनी.
हाडाची पट्टी घातली, हलकेच,
तर पान सुटताना करकरलं,
नव्या वहाणेसारखं.

पुठ्ठ्यावर कपाटाच्या पायाची गोल खूण आहे.
ओलं फडकं, वर दोन दिवस वजन, की निघते.
राहू दिली.

संग्राहकानं पुस्तकात कधी लिहू नये. किंमत पडते.
हे मीच कितीजणांना सांगितलंय.
शिसपेन्सिल शोधली, नातवाच्या दप्तरात मिळाली.
सूचीच्या शेवटच्या कोऱ्या जागेत, मराठीत, लिहिलं,
चामडं:
पाहा, पुठ्ठा.

हात थोडा कापला.
अक्षर पहिलीतल्या पोराचं आलं.