पूर्ण मापाचं

आमच्यात कुणी 'खरं विमान' म्हणत नाही.
म्हणतो, 'पूर्ण मापाचं'.
पिकवर्थने शिकवलं ते, पहिल्याच रविवारी,
लाउथच्या पलीकडे, जुन्या धावपट्टीवर,
जिच्या एका टोकाला आता कोंबड्यांच्या शेड आहेत
आणि दुसऱ्या टोकाला आम्ही:
घडीच्या खुर्च्या, थर्मास, रबरबँडने बांधलेले पंख.
'ते खरं, तर मग हे काय खोटं?'
असं म्हणून त्याने बाल्साच्या फळीवरून अंगठा फिरवला,
सराफ पाटलीवरून फिरवतो तसा.

पिकवर्थ नळ दुरुस्त करायचा.
मी बार्डनीच्या कारखान्यात रात्रपाळीचा केमिस्ट,
उसाची साखर सोडून बिटाच्या साखरेला आलेला.
फळ्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा एक चिमटा,
कपडे वाळत घालायचा, लाकडी, वर आकडा.
चिमटा तुझ्याकडे, तोवर ती लहर तुझी.
दुसऱ्याने त्याच आकड्यावर बटण दाबलं
की एका बैलाला दोन कासरे,
आणि बैल सरळ जमिनीत.

सप्टेंबरात कॅप्टन थर्लबी आला.
एकोणीस हजार तास हवेत.
डॉक्टरने छातीची पट्टी पाहिली
आणि लायसन्स गेलं.
आम्ही सगळे उगीचच उभे राहिलो,
वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखे.
शेजारच्या विमानतळावरच्या वैमानिकांनी
आदल्या वर्षी कौन्सिलला पत्र धाडलं होतं:
खेळणी आमच्या वाटेत येतात, बंद करा.
खाली पहिली सही याचीच.
पिकवर्थने ती वाचली होती.
त्याने खिशातून स्वतःचा चिमटा काढला
आणि कॅप्टनच्या कोटाला लावला.

उड्डाण काय सुंदर केलं त्याने!
दूर जाताना तर बघत राहावं.
मग वळलं, आणि आमच्याकडे यायला लागलं.
जातं तेव्हा उजवं ते उजवं,
येतं तेव्हा उजवं द्यावं तर डावीकडे कलतं.
एवढे तास जो आत बसला
त्याला आपलंच विमान
आपल्याकडे येताना कधी दिसलंच नव्हतं.

बिटाच्या शेतात गेलं.
हसलो नाही आम्ही. डडली हसला.
मी धावत पोचलो तेव्हा
मोडक्या शेपटीची ती चिमुकली पट्टी
डावी-उजवी, डावी-उजवी हलत होती.
तिकडे धावपट्टीवर तो अजून
दांडी धरून उभा होता.

'समोरून येतंय तेव्हा डावं-उजवं विसर,'
पिकवर्थ डिंक लावता लावता म्हणाला.
'जो पंख पडतोय, दांडी त्या बाजूला.
लोंबत्या पाइपाखाली वीट सरकवायची, बस.'
कॅप्टन बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, 'ते पत्र मी लिहिलं होतं.'
'ठाऊक आहे. व्याकरण चांगलं होतं.
पंख नीट धर, हलवू नकोस.'

फेब्रुवारीत, नाक गळत होतं सगळ्यांचं,
शेडवरून घरघर आली आणि डडली ओरडला:
'पूर्ण मापाचं!'
नियम असा, की आपलं लगेच खाली घ्यायचं.
माना मात्र वर जातात. माझी गेलीच.
एका कॅप्टनची गेली नाही.
'सेसना,' तो पाठमोराच म्हणाला,
'हवा ओली आहे. कार्ब्युरेटर गरम ठेव म्हणावं पोराला.'
डोळे त्याचे त्या पिवळ्या ठिपक्यावर,
जो बिटांवरून त्याच्याकडेच येत होता,
एक पंख किंचित पडता,
आणि तो वीट सरकवत होता,
अजून थोडी, अजून.

त्या दिवशी चिमटा कोटावरच राहिला, घरी गेला.
पुढच्या रविवारी त्याला यायला उशीर झाला.
फळ्यावर एक जागा रिकामी.
ऊन होतं, वारा नव्हता,
आणि त्या लहरीवर तो येईपर्यंत
कुणीही काही उडवलं नाही.