नरहरीचे कान

सोमवार पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर
घोटवडेकरांचं संग्रहालय.
तिकीट वीस रुपये. त्यांची सून स्वतःच फाडून देते,
मग पुढे होऊन एकेका खोलीची ट्यूब लावते,
आपण पुढे सरकलो की मागची मालवते.

पहिल्या खोलीत नुसती डोकी.
प्लास्टरची, फायबरची, एकच ब्राँझचं.
फेटा, टोपी, पगडी, एक उघडबोडकं.
मान तुटलेली नव्हे,
मान अजून यायची आहे अशी.
खाली चिठ्ठ्या : गाव, साल,
आणि पेन्सिलीनं, नगरपालिकेकडून येणं किती बाकी.

मी नाकं बघत नाही. मिशाही नाही.
मी कान बघायला आलेय.

थोरांचे फोटो समोरून काढलेले असत,
नाहीतर वर्तमानपत्रातले, शाईत कान बुजलेले.
घोटवडेकर वैतागत, आणि खिडकीतून हाक मारत
समोरच्या बिऱ्हाडात, माझ्या मामाला :
"नरहरी, कान घेऊन ये रे जरा!"
मामा नुकताच पोस्टातून आलेला.
खाकी शर्टावरच जाई,
स्टुलावर तिरका बसे, हातात कपबशी.
हलू नकोस म्हटलं की
चहा निवू देई.

हे त्याचेच.
वरची कड जराशी चेपलेली,
पाळी गालाला चिकटलेली,
आजोळी सगळ्यांचीच तशी. माझीही.
स्वातंत्र्यसैनिकाला तोच कान,
साखर कारखान्याच्या चेअरमनलाही तोच,
हयातीत एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोघं
एका कानाचे.
कोपऱ्यात कुणी संत, डोळे मिटून.
ऐकतोय मात्र नरहरी.

रिटायर झाल्यावर मामा बहिरा होत गेला.
यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायचं,
त्यानं ते सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं.
पानावर बसला की आमच्या ओठांकडे बघे
आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देई, अगदी नीट, सविस्तर.
मामी म्हणायची,
"गावोगाव वाटले ना! घरात उरलेत कुठे?"

सून वही उघडून दाखवते. जत. मोर्शी. धरणगाव.
एसटी स्टँडसमोर, बाजारपेठेत, कोर्टाच्या आवारात.
भोंगे, मोर्चे, जयंतीचे लाऊडस्पीकर,
आणि खांद्यावर बसून कावळा जे काही सांगत असेल ते.

"हात लावू?" मी विचारलं.
तिनं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं,
मग ट्यूब मालवली.
"लावा."

गार. घडीत धूळ, बोटाला लागेल इतकी.
आता एवढं आलोय तर काही बोलावं,
पण सुचेना काही.
म्हटलं, मामा,
आपल्या कोपऱ्यावरची टपालपेटी काढली रे,
नुसते चार बोल्ट राहिलेत भिंतीत.

खाली दुकानात कुणीतरी
घंटी वाजवून बघत होतं, घ्यावी का न घ्यावी,
पुन्हा एकदा,
पुन्हा.