उलटं टांगायचं यंत्र

इतवारीत ताहेरभाईंच्या काउंटरवर
तीन राऊटर मांडलेत,
आणि मे महिना आमच्याआधी दुकानात शिरून
कूलरसमोर उभा आहे.

पहिला हलका, एका हातात मावणारा.
ताहेरभाई म्हणतात, "हाच सगळे नेतात."
सगळ्यांना तो हातात धरायचा असतो.
मला टेबलाखाली टांगायचाय,
डोकं खाली, पाय वर,
दसरा असो की दिवाळी, तसाच.

म्हणून मी तिन्ही उलटे करून बघते.
दुकानातला पोरगा हसू दाबतो.
दुसऱ्याची स्प्रिंग लगेच भांडायला उठते:
मी वर उचलायचं, तिनं खाली लोटायचं.
आणि बटण असं की सोडलं की बंद.
टेबलाखाली कोण बसणार ते दाबून?

तिसरा साडेपाच किलो.
बेसला आरपार भोक, त्यात चावी घातली
की बिट वरूनच चढतं, उतरतं,
केसभर म्हटलं तर केसभर.
चार सुताचं कोलेट.
वेग दहा हजारांपर्यंत उतरतो, मला तेच हवंय.
दाराच्या पॅनलचं बिट तळहाताएवढं,
ते बावीस हजारांवर फिरवणं म्हणजे
पोळ्याला उधळलेल्या बैलाचं शेपूट धरणं.
आणि सुरू हळू होतो ना,
हे मी दोनदा विचारून घेतलं.
लकडगंजात दुपारी दोनला सगळे कूलर लागतात,
तेव्हा एवढी मोटर झटक्यात उठली
तर गल्लीतले पंखे माझ्या नावानं थांबतील.

बाबा स्टुलावर.
एकाही यंत्राला त्यांनी हात लावला नाही.
फक्त बिटांच्या पेटीतल्या एका पात्यावरून
डाव्या अंगठ्याचं नख फिरवलं.
उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे,
तेव्हापासून चहाला बशी नाही.

हेच वळण त्यांनी हाताच्या रंध्यानं काढलंय,
महालातल्या एका देवघराच्या चौकटीला, सोळा दिवस.
सोळाव्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या,
"मशिनीवर केलं का हो?"
बाबा ही गोष्ट कौतुक म्हणून सांगतात.
मला अजून ठरवता आलेलं नाही.

बेशात नव्या इमारतीचे चाळीस फ्लॅट,
दर फ्लॅटला चार दारं.
सोळा दिवसांनी गुणून मी पाहिलं नाही.

"केवढ्याचा?" बाबांनी विचारलं.
ताहेरभाईंनी आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवला,
मोठ्यानं बोलले नाहीत.
माझी भिशी, वर सात हजार.
मग घासाघीस, मग सोडा, मग पुन्हा घासाघीस.
शेवटी दोन सुताचं कोलेट फुकट,
धूळ ओढायची नळी निम्म्यात.
उलट्या मोटरच्या तोंडातच पडतो सगळा भुसा,
मेलं तर त्यानंच मरेल.
"चला, सूत जमलं," ताहेरभाई म्हणाले.
"सहा सूत," मी म्हटलं.
बाबा पहिल्यांदा हसले.

खोकं स्कूटरवर माझ्या पायाशी मावेना,
बाबांनी मांडीवर घेतलं.
सिग्नलवर उन्हासाठी हिरवी जाळी ताणलेली,
सगळ्यांची तोंडं हिरवी.

"वैजू," मागून बाबा,
"दिवसभर उलटं राह्यल्यावर
त्याच्या डोक्यात नाही का चढत काही?"

"बेअरिंग सीलबंद असते, बाबा."

"तसं नाही म्हणून राह्यलो मी."

सिग्नल सुटला होता.
मागचा हॉर्न देत राहिला.

संध्याकाळी बाबा टेबलाखाली शिरले.
मी वरून स्क्रू लावायचे,
त्यांनी खालून वजन तोलायचं, दोन्ही हातांनी.
साडेपाच किलो.
भोकातून मला त्यांचा उजवा हात दिसत होता.
भाराखाली तो थरथरत नव्हता.

"झालं का बे?" खालून आवाज.

चौथा स्क्रू मी
दोनदा सोडला, दोनदा आवळला.